मुलांच्या हातातला मंगा : कोणता द्यावा, कोणता थोपवावा आणि मराठीत का हवा?

खासबाग (बेळगाव) : रविवारी रात्री साडेआठच्या सुमारास खासबागचा बाजार आवरत आलेला असतो. नेमक्या त्याच वेळी जपानमध्ये रात्रीचे बारा वाजतात, सोमवार लागतो आणि 'वन पीस'सारख्या साप्ताहिक चित्रकथेचं नवं प्रकरण इंग्रजीत मोबाईलवर येतं. त्या आठवड्यात सुट्टी नसेल तर तिथल्या वाचकाला आणि आपल्या गल्लीतल्या पोराला ते एकाच क्षणी वाचायला मिळतं. आई-वडलांना वाटतं, पोरगं रील बघायलंय. ते खरं तर वाचत असतं, आणि तेही परभाषेत.

या चित्रकथांना जपानीत मंगा म्हणतात. हॉलमध्ये 'डिमन स्लेयर'चा सिनेमा लागला की तरुण पोरांची गर्दी होते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याचा 'इन्फिनिटी कॅसल' हा भाग भारतात जपानीबरोबर इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही लागला. घरात मात्र दोनच प्रतिक्रिया असतात. एक, 'कार्टून आहे, बघू दे.' दुसरी, 'काय हे रक्तबंबाळ, बंद कर!' दोन्ही अर्धवट आहेत. म्हणून मंगा काय आहे, त्यातला कुठला कुणाला द्यावा आणि आपल्या भाषेत तो का येत नाही, हे जरा सविस्तर मांडतो.

आधी ओळख करून घेऊ

कागदावरची चित्रकथा म्हणजे मंगा आणि पडद्यावर हलणारी म्हणजे ॲनिमे. बहुतेक गाजलेल्या ॲनिमे मालिका आधी मंगा म्हणून छापल्या गेल्या. जपानमध्ये मंगा आधी साप्ताहिकात किंवा मासिकात क्रमशः येतो, मग काही प्रकरणं एकत्र करून खंड निघतो. आपल्याकडं एकेकाळी कादंबऱ्या मासिकांतनं क्रमशः यायच्या, तसंच म्हणा.

पुस्तक उजवीकडून डावीकडं वाचायचं असतं. पहिल्यांदा हातात घेणारा हमखास शेवटच्या पानापासून सुरुवात करतो. आपल्या गावातल्या उर्दू शाळेतल्या मुलाला मात्र हे समजावून सांगावं लागणार नाही.

जपानमध्ये मंगाचे गट वाचकाप्रमाणं पडतात. मुलग्यांसाठी 'शोनेन', मुलींसाठी 'शोजो', मोठ्या पुरुषांसाठी 'सेइनेन', मोठ्या बायकांसाठी 'जोसेइ'. म्हणजे चित्रं आहेत म्हणून पुस्तक लहान मुलांचं, हा आपला समज तिथं चालत नाही. चाळिशीतल्या माणसासाठी काढलेला मंगा चौथीतल्या पोराच्या हातात पडला तर चूक मंगाची नव्हे. इंग्रजी खंडाच्या मागच्या कव्हरवर बऱ्याचदा वयाची खूण असते. 'व्हिझ' या प्रकाशनाच्या पुस्तकांवर 'टी' म्हणजे १३ च्या पुढं, 'टी प्लस' म्हणजे १६ च्या पुढं आणि 'एम' म्हणजे १८ च्या पुढं. पालकांनी एवढं एक अक्षर बघितलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

मारामारी आणि साहस

'डिमन स्लेयर' २०१६ ते २०२० या काळात जपानमध्ये आला, एकूण खंड २३. शंभर वर्षांपूर्वीचं जपान. डोंगरावरनं कोळसा विकायला गेलेला तांजिरो घरी येतो तर राक्षसानं घरच्यांना मारलेलं आणि धाकटी बहीण नेझुको स्वतःच राक्षस झालेली. तिला परत माणूस करायचं म्हणून तो तलवार हाती घेतो. रक्त भरपूर आहे, पण मेलेल्या राक्षसाबद्दलही हळहळणारा नायक इथं भेटतो. माझं मत विचाराल तर आठवी-नववीच्या पुढं द्यायला हरकत नाही. मधले काही खंड मात्र लढाईतच अडकून पडतात.

'चेनसॉ मॅन' पोरांत तेवढाच बोलला जातो, पण तो शाळेतल्या मुलांचा नव्हे. बापाचं कर्ज फेडता फेडता पोरगा स्वतःच विकला जातो, ही त्याची सुरुवात जबरदस्त आहे. पुढं हिंसा आणि लैंगिक संदर्भ इतके उघडे आहेत की तो कॉलेजच्या पुढंच ठेवावा.

याच गटात मला सगळ्यात आवडलेला म्हणजे 'फ्रीरेन'. त्याचे इंग्रजी खंड २०२१ पासून यायला लागले. इथं गोष्ट लढाई संपल्यावर सुरू होते. हजार वर्षांहून जास्त जगणारी जादूगारीण फ्रीरेन, तिच्याबरोबर दहा वर्षं फिरलेला वीर म्हातारा होऊन जातो आणि त्याच्या अंत्यविधीत तिला कळतं की आपण या माणसाला कधी नीट ओळखलंच नाही. मारामारी कमी आणि आठवणी जास्त. घरातलं मोठं माणूस नुकतंच गेलेलं असेल, तर वाचताना मध्येच थांबावं लागेल.

विज्ञानाची आवड लावायची असेल तर 'डॉक्टर स्टोन' द्या. सगळी माणसं दगड होतात आणि ३,७०० वर्षांनी एक पोरगा जागा होऊन साबणापासून औषधापर्यंत सगळं पहिल्यापासून बनवायला घेतो. काही ठिकाणी शास्त्र ताणलंय, पण 'हे कसं बनतं?' हा प्रश्न पोरं स्वतःहून विचारायला लागतात.

खेळ

'हाइक्यू' म्हणजे व्हॉलीबॉल. खंड ४५. बुटका हिनाता आणि त्याचा शाळेचा संघ. यात खलनायक नाही, हरलेल्या संघाचं दुःखही तेवढ्याच आस्थेनं काढलंय. पाचवीपासून पुढं कुणालाही बिनधास्त द्यावा.

'ब्लू लॉक' हा फुटबॉलचा मंगा अगदी उलट्या टोकाचा. तीनशे पोरं कोंडून घालून त्यातनं एक सगळ्यात स्वार्थी स्ट्रायकर तयार करायचा! वाचताना हात सुटत नाही, पण 'सहकारी गेला खड्ड्यात' हे तत्त्वज्ञान पोरांनी मैदानावर आणलं तर संघ मोडेल. दोन्ही एकत्र वाचायला द्यावेत आणि त्यावर घरात वाद घालावा.

मंगा भारतीय मातीत रुजवायचा प्रयत्नही खेळातनंच झाला होता. जपानमधला बेसबॉलचा जुना मंगा 'क्योजिन नो होशी' घेऊन त्यावर मुंबईतल्या गरीब मुलाची क्रिकेटची मालिका बनवली गेली, 'सूरज : द रायझिंग स्टार'. २०१२ च्या डिसेंबरमध्ये ती टीव्हीवर आली. मुंबई, क्रिकेट, गरीब घर, सगळं होतं. भाषा मात्र हिंदी.

शेती, कापड, गाव : आपल्या घराजवळचे विषय

निपाणी-चिक्कोडीकडच्या वाचकांनी 'सिल्व्हर स्पून' शोधून वाचावा. १५ खंड, इंग्रजीत २०१८ ते २०२० दरम्यान आला. शहरातला हुशार पण घरच्यांच्या अपेक्षांनी दमलेला पोरगा मुद्दाम कृषी शाळेत नाव घालतो. हिरोमु अराकावा ही लेखिका स्वतः होक्काइदोच्या दुग्ध व्यवसायाच्या घरात वाढलेली, त्यामुळं गोठ्याचं वर्णन पर्यटकाचं वाटत नाही. यात एका मित्राचा गोठा कर्जात बुडतो, गाई विकल्या जातात आणि त्याला जामीन राहिलेल्या शेजाऱ्याच्या घरावरही संकट येतं. कर्जाला जामीन राहणं म्हणजे काय असतं, हे आमच्या वाणिज्य शाखेच्या पुस्तकांनी इतकं नीट शिकवलं नव्हतं.

खासबाग-वडगावच्या मागवाल्या घरांसाठी 'ब्राइड्स स्टोरी'. एकोणिसाव्या शतकातला मध्य आशिया, तिथली लग्नं, गालिचे आणि भरतकाम. काओरू मोरी ही चित्रकार कापडावरचा टाका न् टाका काढते. एका मुलीचं लग्नासाठी भरून ठेवलेलं कापड हल्ल्यात जळतं आणि तिला ते सगळं पुन्हा भरायला बसावं लागतं. ज्यांच्या घरात मागाचा आवाज ऐकत पोरं झोपली आहेत, त्यांना त्या पानांतली मेहनत चटकन कळेल. वयाची एक सूचना द्यायलाच हवी. गोष्टीतली मुख्य जोडी म्हणजे वीस वर्षांची बायको आणि बारा वर्षांचा नवरा. काळ जुना आहे हे मुलांना सांगूनच पुस्तक द्यावं. काही प्रसंगही मोठ्यांसाठीचे आहेत.

'स्किप अँड लोफर'मध्ये समुद्रकाठच्या छोट्या गावातली हुशार मुलगी शिकायला टोकियोला येते. गावात पहिली येणारी इथं रेल्वे स्टेशनातच हरवते. बारावीनंतर पुण्याला किंवा बेंगळुरूला जाणाऱ्या आपल्या मुलींना ही मित्सुमी सख्खी मैत्रीण वाटेल. मंगात एवढा साधेपणा असतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

घरगुती, भीती आणि युद्ध

'स्पाय फॅमिली' घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावा. बाप गुप्तहेर, आई मारेकरी, दत्तक पोरगी मनातलं ओळखणारी, आणि कुणाचं गुपित कुणाला माहीत नाही. मोठ्या माणसांनाही हसू येतं. पहिलीच्या पोरांना वाचून दाखवायचा असेल तर पाच वर्षांच्या पोरीच्या रोजच्या उचापतींचा 'योत्सुबा' घ्या. 'चिंटू'वर वाढलेल्या घराला तो लगेच आपला वाटेल.

भीतीच्या गटात जुंजी इतोचा 'उझुमाकी' गाजतोय. एका गावाला गोल वेटोळ्याच्या आकाराचं वेड लागतं, एवढीच कल्पना. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचलेल्यांना भीती कशी हळूहळू चढते ते ठाऊक आहे. इथं ती चित्रातनं चढते आणि रात्री आठवते. सोळाच्या आत नको.

'ए सायलेंट व्हॉइस' सात खंडांत संपतो. ऐकू न येणाऱ्या मुलीला वर्गात छळणारा पोरगा पुढं स्वतःच एकटा पडतो आणि माफी मागायला निघतो. शिक्षकांनी तर जरूर वाचावा. यात आत्महत्येच्या प्रयत्नाचे प्रसंग आहेत, म्हणून पोराच्या हातात नुसतं देऊन चालणार नाही, सोबत बसायला पाहिजे.

आणि 'बेअरफूट गेन'. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमावर बॉम्ब पडला. त्यातनं ते वाचले आणि १९७३ पासून त्यांनी ही दहा खंडांची कथा काढली. बॉम्ब टाकणाऱ्यांवर जेवढा राग आहे, तेवढाच युद्धाची हौस करणाऱ्या आपल्याच लोकांवर. त्यामुळं जपानमध्येही तो सगळ्यांना पचत नाही. २०१३ मध्ये मात्सुए शहरातल्या शाळांच्या ग्रंथालयांत त्याच्यावर घातलेली बंधनं टीका झाल्यावर उठवावी लागली, तर २०२३ मध्ये खुद्द हिरोशिमाच्या शांतता शिक्षणाच्या पाठांतनं तो वगळला गेला. चित्रं भीषण आहेत. तरीही दहावीच्या मुलानं इतिहासाच्या पुस्तकातल्या दोन ओळींबरोबर हा वाचावा, असं मला वाटतं.

इंग्रजीत काय सांडतं?

ही सगळी नावं मी इंग्रजी अनुवादांवरनं सांगितली. कारण मराठीच्या दुकानात यातलं एकही मिळत नाही. पण वाचताना सारखं जाणवतं की हे मराठीत जास्त चांगलं बसलं असतं.

पहिलं उदाहरण 'स्पाय फॅमिली'चंच. पोरगी आन्या नव्या बापाला जपानीत 'चिचि' म्हणते. हा शब्द जपानी माणूस परक्यासमोर स्वतःच्या बापाबद्दल बोलताना वापरतो, हाक मारताना नव्हे. म्हणजे एवढीशी पोरगी बापाला 'अहो वडील!' अशी हाक मारते. इंग्रजीत त्याचं 'पापा' झालं आणि विनोद गेला. मराठीत तो जसाच्या तसा उभा राहतो.

दुसरं, नात्याचे शब्द. जपानी माणूस अनोळखी पुरुषाला काका आणि बाईला मावशी म्हटल्यासारखंच बोलतो. शाळेत वरच्या वर्गातल्याला मान देतो. मोठ्या भावाला नावानं सहसा हाक मारत नाही. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. आपल्याकडं तू, तुम्ही, आपण आहे, दादा, ताई आहे, आणि बेळगावात तर अण्णा-अक्काही आहेत. दोन पात्रं 'तुम्ही'वरनं 'तू'वर आली की मराठी वाचकाला न सांगता कळतं की काहीतरी बदललंय.

तिसरं, आवाज. मंगाच्या पानावर आवाज चित्रासारखेच काढलेले असतात. छातीत 'दोकी दोकी' होतं, ती आपली धडधड. पाऊस 'झाझा' पडतो, तो आपला धो धो. बारीक लागून राहिला की 'शितो शितो', म्हणजे रिपरिप. शांततेलाही जपानीत आवाज आहे, 'शीऽऽन'. इंग्रजी अनुवादक तिथं अडतो आणि कधी कधी नुसतं 'शांतता' असं लिहून मोकळा होतो. आपण 'शुकशुकाट' लिहू. बेळगावचा पाऊस ज्यानं चार महिने ऐकलाय, त्याच्याकडं पावसाच्या शब्दांची कमी नाही.

जपानी वाक्यातही क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखंच. म्हणून मुख्य गोष्ट शेवटच्या शब्दापर्यंत दाबून ठेवणारं वाक्य मराठीत तसंच ठेवता येतं. एक अडचण खरी आहे. जपानी मजकूर उभा लिहिला जातो, म्हणून संवादाचे फुगे उंच आणि अरुंद असतात. 'विश्वासघातक्यांनो' असा शब्द त्यात मावणार नाही. छोटे शब्द निवडणारा अनुवादक आणि फुग्यात अक्षर नीट बसवणारा कलाकार, दोघंही लागतील.

मग अडलंय कुठं? जरा हिशेब

मागणी नाही, असं म्हणता येत नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. जपानच्या शुएइशा प्रकाशनाचं 'मंगा प्लस' हे अधिकृत ॲप २०१९ मध्ये सुरू झालं. त्यात थाई आहे, इंडोनेशियन आहे, व्हिएतनामी आहे. भारतातली भाषा नाही.

खरी अडचण लांबीची आहे. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती धरली तर 'डिमन स्लेयर'च्या २३ खंडांची २३ हजार पुस्तकं होतात. पहिल्या खंडाला गिऱ्हाईक मिळेल, दहाव्यापर्यंत किती टिकतील? आणि प्रकाशकानं मध्येच थांबवलं तर वाचक पुन्हा विश्वास ठेवणार नाही. हक्काचे पैसे, अक्षरजोडणी, छपाई हे सगळं वेगळंच.

वाचकाच्या बाजूनंही बघा. इंग्रजी खंड साधारण चारशे-पाचशेच्या घरात जातो. चारशे धरले तरी २३ खंडांचे ९,२०० आणि 'हाइक्यू'चे १८,००० रुपये झाले. मागावर बसणाऱ्या किंवा विडी वळणाऱ्या घराला हे झेपणारं नाही. मग पोरं चोरट्या वेबसाइटवर जातात. तिथं वयाची खूण नसते, भलत्याच जाहिराती असतात आणि चित्रकाराला एक पैसा मिळत नाही. इंग्रजी माध्यमाच्या पोराला निदान हा चोरटा दरवाजा तरी उघडता येतो. मराठी शाळेतल्या पोराला भाषेमुळं तोही बंद.

मला यातलं हेच जास्त लागतं. सीमाभागात आपण मराठी फलकासाठी, मराठी कागदपत्रांसाठी वर्षानुवर्षं भांडतोय, आणि ते भांडण रास्त आहे. पण दहा वर्षांच्या पोराला जे वाचायची ओढ आहे, ते मराठीत नसेल तर मराठी त्याच्यासाठी फक्त आजीशी बोलायची भाषा उरेल.

नुसती हौस पुरत नाही, हेही खरं. युकिची यामामात्सु नावाचा जपानी चित्रकार २००४ मध्ये दिल्लीत आला, एका सामुराई मंगाचा हिंदी अनुवाद करून घेतला आणि रस्त्यावर उभा राहून विकायला लागला. फारसं कुणी घेतलं नाही. त्या फजितीवरच त्यानं पुढं मंगा काढला, जो २०११ मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनानं इंग्रजीत आणला. उलट तोमोको किकुची यांनी 'बेअरफूट गेन' आणि फुमियो कोनो यांचा हिरोशिमावरचा छोटा मंगा 'टाउन ऑफ ईव्हनिंग काम' हिंदीत आणले. हिंदीत होतं तर मराठीत का होऊ नये?

सुरुवात छोटी करा

मराठीला जपानी साहित्य परकं नाही. हायकू शिरीष पै यांनी मराठीत रुजवला. 'तोत्तोचान' चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादातनं कितीतरी शिक्षकांच्या कपाटात पोचलं. चित्रकथाही परकी नाही. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आपल्या आधीच्या पिढीनं मराठीत वाचलाय. पुण्यात जपानी शिकलेली मराठी मुलं-मुली वर्षानुवर्षं तयार होतायत, म्हणजे इंग्रजीवरनं दुसऱ्या हातानं अनुवाद करायचीही गरज नाही.

तेव्हा प्रकाशकांनी २३ खंडांच्या मागं न लागता एका खंडात संपणाऱ्या पुस्तकापासून सुरुवात करावी. कोनो यांचं पुस्तक त्यासाठी योग्य आहे. ते चाललं तर सात खंडांचा 'ए सायलेंट व्हॉइस'. अनुवादित पुस्तकांच्या प्रकाशनाला मदत करणारी जपान फाउंडेशनची योजना आहे, तिथं दार ठोठवावं.

आपल्याकडं हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनीला साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडीत शाळेची पोरं लेझीम खेळतात आणि भाषणं सुरू झाली की कंटाळतात. एका सत्रात त्यांनाच 'मी वाचलेली चित्रकथा' सांगायला उभं करा. गावच्या वाचनालयांनी 'हाइक्यू' किंवा 'सिल्व्हर स्पून'चे पहिले तीन खंड घेऊन बघावेत. बाराशे-पंधराशेचा खर्च आहे. वर्षभरात किती वेळा बाहेर गेले, ते नोंदवहीतच दिसेल.

आणि पालकांनी आजच करण्यासारखं एक काम. पोरगं मोबाईलवर काय वाचतंय ते हिसकावून घेण्याआधी त्याच्या शेजारी बसा, मागच्या कव्हरवरची खूण विचारा, आणि गोष्ट त्याला मराठीत सांगायला लावा. 'चिचि'ला तो काय म्हणतो ते ऐका. मराठीतला पहिला मंगा अनुवादक कदाचित तुमच्याच घरात बसलेला असेल.